आकडा

बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टर फळदेसाईबाईंनी
कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर एक आकडा:
तीनशे ऐंशी.
सी-टी-जी, सी-टी-जी, तीनच अक्षरं
एका जनुकाच्या शेपटाला तीनशे ऐंशी वेळा.
बाकीच्यांची पाच-दहा-वीसवर थांबतात.
पप्पांची दीडशेच्या आसपास असतील, म्हणाल्या,
आता मोजायला ते नाहीत.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते,
आकड्यांना घाबरत नाही.
विचारलं, ही अक्षरं करतात काय?
काहीच नाही, त्या म्हणाल्या. नुसती नक्कल निघते,
आरएनएचा एकपदरी धागा.
लांबला की तो स्वतःवरच दुमडतो.
आणि त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून
टेबलावर ठेवला.
असा.

हे मला कळलं.
सर्जेकोटच्या वाळूत नायलॉनला पीळ बसला
की तोही असाच आपल्याच गळ्यात पडतो.
सी समोरच्या जीचा हात धरतो,
मधला यू समोरच्या यूकडे
नुसता बघत राहतो, गाठ न बसता.
आणि पेशीत एक कारागीर असतो,
इतरांचे निरोप कातरून सांधणारा,
तो येऊन या आकड्याला चिकटतो.
मासा अडकतो तसा नव्हे,
जाळं शिवायला आलेलाच जाळ्यात राहावा तसा.
मग तिकडे लांब, मनगटात,
स्नायूला सैल हो म्हणणारा निरोप
उलटा सांधला जातो.

गावात पप्पांच्या मुठीचं नाव होतं.
रापणीच्या दोराला हिरबा तारी सगळ्यांत पुढे.
'हिरबान धरल्यान काय धरल्यान.'
एकदा सगळ्यांनी दोर टाकला तेव्हा
पप्पा एकटेच कमरेभर पाण्यात ओढले गेले,
माणसं पोट धरून हसली
आणि त्या दिवशी तारल्यांचा एक वाटा जास्त दिला.
सोडायचा होता काय, हे कोणी विचारलं नाही.

शाळेच्या दारात माझं मनगट सोडायला
त्यांना वेळ लागायचा.
मला वाटायचं, माया.

(असेलही. दोन्ही असू शकतं.)

आजोबांना चाळिशीतच मोतीबिंदू,
सगळे म्हणाले खारा वारा.
पप्पांची मूठ पस्तिशीत.
माझ्या हाताला बाटलीचं झाकण तेविसाव्या वर्षी चिकटलं.
पिढी बदलताना नक्कल करणारा त्या अक्षरांवर घसरतो,
कुठवर आलो होतो ते विसरतो,
आणि पुन्हा मागून सुरू करतो.

सुजयच्या बायकोला सातवा महिना लागलाय.
त्याने तपासलेलं नाही.
फोनवर म्हणाला, 'तुझो किती इलो?'
मी श्वास घेतला.
'ऱ्हवांदे. माका नको सांगूस.'

आज पहाटे रापण लागली.
सुजय दोराच्या पुढच्या टोकाला,
पप्पांच्या जागी; जागा मिळाली तेव्हा
केवढा फुगला होता.
जाळं वर आलं, बायका टोपल्या घेऊन धावल्या,
दोर वाळूत पडला, सगळे मोकळे झाले,
आणि तो समुद्राकडे तोंड करून
मूठ उघडत होता, मिटत होता,
उघडत होता.

पप्पाही असंच करायचे, होडीत पाय टाकण्याआधी,
उंबऱ्यात उभे राहून.
आई म्हणायची, रामेश्वराला सांगतायत काहीतरी, बोलू नकोस.
पहिली मूठ जड जाते, दुसरी थोडी कमी,
पुन्हापुन्हा केलं की सुटते.
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
त्यालाही नाही.

मी लांबून मोजलं.
सातव्या वेळी पूर्ण उघडली.

मग टोपली उचलून त्याच्याजवळ गेले,
म्हटलं, तारली बरी आहे आज.
हो, म्हणाला,
आणि हात खिशात घातला.