जंगी

दिवसभर मी माणसांचे दात ओततो,
चिराबाजारच्या लॅबमध्ये, पोटमाळ्यावर,
डॉक्टरांनी पाठवलेले जबडे ओळीने मांडून.
रात्री तोच व्हायब्रेटर, तेच सिलिकॉन,
आणि किल्ले.
बोटभर उंचीचे तट, पडकी देवडी,
अंगठ्याएवढी विहीर, तिला चार पायऱ्या.
मरोळला ऑस्विन घोन्साल्विसच्या टेबलावर
रविवारी जी लढाई होते तिच्यासाठी.
शिपाई सव्वा इंची, रागावलेले.

रेझीनला मुंबई मानवत नाही.
हवेतलं पाणी पिऊन ते पावासारखं फुगतं.
बुटांच्या खोक्यांतल्या, 'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्या
मी तीन वर्षं जमवतोय.
बायको आता विचारत नाही.

चुका दोन जातीच्या.
हवा रेझीनमध्ये अडकली तर खड्डा पडतो,
तो त्या एकाच भिंतीचा.
हवा साच्यात अडकली तर गाठ उठते,
मग ती प्रत्येक भिंतीला,
साचा फाटेपर्यंत.
(आमच्या घरात नाकाबद्दल असंच बोलतात.)

बाकी बारीकसारीक:
साच्याची अर्धी केसभर सरकली की मधोमध शिवण,
घाईने सोडवलं की भिंतीला बाक.
मग गरम पाण्यात बुडवायची
आणि काचेवर दाबून धरायची, शंभर मोजेपर्यंत.
खड्ड्याला पुट्टी, शिवणीला पॉलिश पेपर.
दाताला हे चालत नाही.
जिभेला केसही कळतो.

गेल्या ऑगस्टात एक भिंत तशीच गेली.
वीज जाऊन कंप्रेसर बसला, दाब उतरला,
एक बुडबुडा आरपार राहिला,
ज्वारीच्या दाण्याएवढा, तिरका.
मला दिसला नाही.
किंवा दिसला, आणि बारा वाजले होते म्हणून
मी खोक्याला पट्टी मारली.
हे ऑस्विनला अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी त्याचा फोन.
माफीचं वाक्य मी घोळवून ठेवलेलं.
तो म्हणाला, अरे, त्या भोकामागे दळवीने
एक बंदूकवाला बसवला!
तिथून दिसतं की नाही, यावर पाऊण तास भांडण,
चहा दोनदा गार.
शेवटी कुणीतरी मोबाईलचा टॉर्च भोकाला लावला.
उजेड पलीकडे निघाला
आणि एका घोडेस्वाराच्या छातीवर जाऊन पडला.
मग फासा टाकला.
सहा.

दळवी सुट्टीत गड चढतो. तो म्हणाला,
ही जंगी आहे, बाहेर उतरती,
खऱ्या तटात अशीच असते.
कारागिराला माहिती असणार.

कारागीर गप्प बसला.

आता तसल्या बारा भिंती हव्यात.
ड्रिलने पाडलेलं भोक
ड्रिलने पाडल्यासारखंच दिसतं.
मुद्दाम कंप्रेसर बंद करून पाहिला,
बुडबुडे आले, पण देवडीत, पायरीत,
एक तर बुरुजाच्या टोकावर, पुळीसारखा.
चूक ऑर्डरवर येत नाही.
शेवटी ती भिंतच ऑस्विनकडून मागवली,
तिच्यावरच साचा घेतला.
आता प्रत्येकीला जंगी,
त्याच जागी, त्याच कलाने.
दरपत्रकात नाव चढलंय,
चाळीस रुपये जास्त.

आणि या नव्या साच्यातही हवा राहिलीच.
जंगीखाली, डावीकडे, मोहरीएवढी गाठ.
ती मी रोज रात्री
बारा वेळा ब्लेडने कापतो.

मूळ भिंत ऑस्विनला परत द्यायचीय.
काल गुंडाळता गुंडाळता
एक डोळा मिटून तिच्यातून पाहिलं.
पलीकडे उद्याचे जबडे,
ओळीने, आ वासून.
तिसऱ्याची दाढ बाकी होती.