गुरुवारची टाळी

पहिल्या गुरुवारी आम्ही तिघंच होतो.
मी, धानाचा दलाल हेमराज लांजेवार,
आणि राइस मिलचा चौकीदार,
जो तसाही तिथंच बसलेला असतो,
म्हणून मोजला.

विषय ठरला नव्हता. चहा ठरला होता.
हेमराज म्हणाला, "तुमच्या मठात पोट्टे टाळ्या पिटून भांडतात,
ते काय असते जी?"
मी सांगितलं, एक बसतो, एक उभा राहतो.
उभा असलेला प्रश्न विचारतो,
डावा पाय आपटतो, टाळी मारतो.
टाळी म्हणजे: आता बोल.
"अन् मारामारी?"
"नाही."
"मंग ग्रामसभेपेक्षा बरं," चौकीदार म्हणाला,
आणि तेव्हापासून त्याला नाव आलं,
सुखदेव कुंभरे.

पुढच्या गुरुवारी सात जण.
वनमाला शहारे अंगणवाडीचं रजिस्टर काखेत घेऊन आली,
घरी मीटिंग सांगून.
हेमराज तयारीनं आलेला:
सगळं क्षणभंगुर, म्हणता तुम्ही,
तर आमचा सरपंच पंधरा वर्षं कसा?
हसता हसता पोत्यावरून एक जण घसरला.
वनमाला हसली नाही. तिनं विचारलं,
"ज्याला मत नाही, त्याला मत असते का?"

मराठीत दोन्हींना शब्द एकच.
माझ्याकडे एक आहे, दुसरं नाही.
दरसाल गोंदियाच्या ऑफिसात
माझ्या पुस्तिकेवर शिक्का पडतो, विदेशी.
जन्मले मी अर्जुनीच्या दवाखान्यात,
छत गळत होतं, दाईचं नाव आडकूबाई.
परदेश बघायला मला कुठं जावं लागलं नाही.
तो पायाखालीच होता,
आणि त्यात धान पिकायचं.

"अर्ज केल्यावर भेटते म्हणतात," वनमाला म्हणाली.
भेटते.
आईनं केला नाही. मीही नाही.
का, ते मी इतकं लांब सांगितलं
की मिलचा भोंगा झाला
आणि मलाच पटेनासं झालं.

मग तो गुरुवार.
सुखदेव आजवर कधी उभा राहिला नव्हता.
उठला, चप्पल काढून ठेवली.
"तुमी आले तं सरकारनं जमीन देली.
चांगलं केलं. मी त्याच्यावर बोलत नाई.
आमचं गाव धरणात गेलं.
आजा नावेत बसून आपलं घर दाखवे,
तेथं, त्या ढवऱ्या पान्याखाली.
तं सांगा, विदेशी कोन?"
पाय आपटला. टाळी.

नियम माझाच होता: आता बोल.
मिलच्या पत्र्यावर कोंडा पडत होता.
मी बोलले नाही.
हेमराजनं उगाच कपबशा गोळा केल्या.

नंतर हिवाळा. आम्ही स्वेटर विकायला निघतो,
यंदा अकोल्याला, बसस्टँडच्या मागं.
गिऱ्हाइकं विचारत, कुठल्या तुम्ही?
मी म्हणे, अर्जुनीची.
"नाही, मूळच्या?"
मी भाव सांगे.

फाल्गुनात परतले. गुरुवार होता की नव्हता,
मी मोजला नव्हता.
मिलकडून आवाज आला, एक, थांबून आणखी एक.
मला वाटलं, कोणी पाखरं हाकलतंय.

वनमाला उभी होती,
पदर खोचलेला, पाय चुकीचा, टाळी मात्र खणखणीत.
अकरा जण. एक शाळेतला मास्तर,
दोन पोरी, ज्यांना मी ओळखत नाही.
बोडीतल्या मासोळीवर पहिला हक्क कोणाचा, यावर जुंपली होती.
माझ्या पोत्यावर भलतंच कोणी बसलेलं.
मी पायरीच्या कडेला बसले,
जिथं चौकीदार बसतो.

सुखदेवसाठी एक स्वेटर आणला होता, मरून,
बाह्या जरा लांब.
त्यानं उलटापालटा करून पाहिला,
वीण ओढून पाहिली, अंगात घातला.
"हे उत्तर नोहे जी," म्हणाला.
बाह्या वर सारल्या, चप्पल काढली.