मारबतीपासून मोजलं तर

कोर्टाच्या कागदावर तिला नाव नाही.
तीन इंग्रजी अक्षरं आहेत, शेवटची, एक्स वाय झेड.
मी कुंभलकर, टंकलेखक, मेडिकल, खोली नंबर अकरा.
तिचं नाव मला माहीत आहे.
इथेही लिहीत नाही.

फेब्रुवारी सरतोय. यंदा ऊन लवकर.
मेश्राम कूलरला नवा वाळा बांधतोय
आणि टेबलाच्या एका बाजूला चार डॉक्टर,
दुसऱ्या बाजूला ती, पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात.
कधीपासून?
"मारबत गेली ना, त्या रात्री होते ते घरी.
मंग बिलासपूरले गेले. फोन बंद येते."

मारबतीपासून मोजलं तर तेवीस आठवडे.
कायदा पाळीपासून मोजतो.
पंचवीस आठवडे दोन दिवस, मी टाइप केलं.
ती म्हणाली, "मॅडम, ते तर पोटात नव्हतंच ना तवा?"
मॅडमनी चष्मा पुसला.
सरकारी हिशोबात पहिले दोन आठवडे
पोट रिकामंच असतं, तरी धरावे लागतात.

आणि उरलेले?
हिंगण्याच्या दवाखान्यात एकवीस होते,
त्यांनी डागाला पाठवलं.
डागात सोनोग्राफीची तारीख मिळाली पुढच्या गुरुवारची,
गुरुवारी मशीन बंद.
इथे आली तेव्हा चोवीस पूर्ण, वर एक दिवस,
म्हणून वकील, म्हणून सिव्हिल लाइन्स, म्हणून पुन्हा इथे.
हे आठवडे कोणाच्या पोटात वाढले
असा रकाना नमुन्यात नाही.
वैवाहिक स्थितीत बदल, असा आहे.
फोन बंद येणं म्हणजे बदल नाही.

मला बाजू घेता येत नाही, मी फक्त टाइप करते.
पण खोलीबाहेर, भिंतीवर, ती पाटी आहे:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
तिच्याखालून जाताना मी अजून मान खाली घालते.
अठ्ठ्याण्णव साली इतवारीत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर,
पडद्याआडून डॉक्टर म्हणाले होते, जिलेबी आणा.
पेढे म्हणाले असते तर आज सत्तावीस वर्षांचं कोणी असतं.
माझे आठवडे कोणी मोजले नाहीत.
सासूबाईंनी रिक्षाचे पैसे मोजले.
आडवी पडले तेव्हा मी कान देऊन होते
जिन्यावर बूट वाजतील,
कोणी खाकी, कोणी शिक्केवाला, कोणीही
वर येऊन म्हणेल, थांबा.
सरकार तेव्हा आलं नाही.

आता आलंय. चार खुर्च्यांवर बसलंय
आणि हिला वाटतं, त्यानं उठावं, दार उघडं सोडावं.
दोघींचं एकाच वेळी खरं कसं असेल
हे मला बत्तीस वर्षं टाइप करून कळलेलं नाही.
एवढंच कळतं, तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं,
आजही हिला तारीख विचारली,
वजन विचारलं,
रेशनकार्ड विचारलं.

दरवर्षी बडग्यांत एक तरी सरकारचा असतो.
पोरं ओरडत नेतात, घेऊन जा गे मारबत,
रोग घेऊन जा, महागाई घेऊन जा,
आणि संध्याकाळी जाळून घरी येतात.
या वर्षीही तो होता म्हणे, पोटाला फाइल बांधलेली.
दुसऱ्या दिवशी कार्यालयं वेळेवर उघडली.

अहवाल लिफाफ्यात गेला. लाख लावली.
मेश्रामनं तो डिक्कीत ठेवला, हेल्मेट शोधत बसला.
ती व्हरांड्यात उभी. "काय लिवलं बाई?"
लाखेचा वास माझ्या बोटांना येत होता.
सांगता येत नाही, म्हटलं. खरंच येत नाही.
मग तिनं हळूच विचारलं, बाथरूम कुठं आहे.

या मजल्यावरचं बायकांचं कुलपात असतं.
किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये, सोबत एक वही:
नाव, वेळ, कारण, सही.
मी वही काढली नाही.
किल्ली दिली आणि म्हटलं,
कडी नीट लागत नाही, मी उभी राहते बाहेर.