तिसऱ्या गेरातला आवाज

आवाज ऐकलाच नव्हता म्हणालो तर खोटं होईल.
ऐकला, आणि टेप मोठा केला.
एकवीस वर्षांची पिकअप, डावं दार सुतळीनं बांधलेलं,
तिला काही ना काही म्हणायचं असणारच,
असं स्वतःला सांगत दोन महिने
पाथरूडचा खवा बार्शीला पोचवत राहिलो.

भूमच्या बाहेर, परंडा रोडला मैनोद्दीन मिस्त्रीचं गॅरेज:
चार पत्रे, एक चेनपुली,
आणि डिझेल पिऊन काळी पडलेली जमीन
जिथं श्रावणातही गवत धजत नाही.
मिस्त्रीनं बॉनेटला हात लावला नाही.
टायरवर बसून विचारलं,
"थंड असताना वाजतं का गरम झाल्यावर?"
वाजतं, मी म्हणालो.
"रिकाम्या गाडीला का लोडवर?"
लोडवर असेल.
"रेस देताना, का पाय काढताना?"
मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

तेव्हा सोजर खाली उतरली,
मांडीवरचा डबा सीटवर ठेवून.
"सकाळी नसतंय. डीपीच्या म्होरं गेलं की सुरू.
सपाटीला न्हाई, चढाला. तिसऱ्या गेरात.
पाय काढला की दोनदा, ठक ठक, मंग गप.
आधी लांबून यायचं,
आता माझ्या टाचेखाली येयलंय.
पोळ्याच्या आधीपासून."

मला का नाही बोललीस?

"टेप चालू होता."

मिस्त्रीचे कान कधीच गेले, सायलेन्सरांच्या शेजारी.
तो दातांनी ऐकतो.
वीतभर पेचकस, टोक चालू इंजिनाला,
लाकडी मूठ दाढेत धरून डोळे मिटतो.
वर, झाकणावर: "टॅपेट. वाजू द्या, म्हातारा हाय."
पंपाला: मान हलली, नाही.
मग ब्लॉकच्या कुशीला, खाली, अजून खाली,
चेंबरपाशी तो जवळजवळ आडवाच झाला
आणि त्याची पांढरी दाढी थरथरली.

मग पाना.
पहिल्या नोझलचा पाइप ढिला, डिझेल फसफसलं,
इंजिन लंगडलं, आवाज तसाच.
आवळला. दुसरा. तसाच.
तिसरा ढिला केला अन् ठोका गेला.
इंजिन चालूच होतं, हलत होतं, धूर ओकत होतं,
पण आतला जो कोणी दारावर मुठी मारत होता
तो थांबला.
पुन्हा आवळला. ठक ठक ठक.

"तीन नंबर. कनेक्टिंगचं बेरिंग.
आणखी आठ दिस चालवली असती
तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता,
तेबी चढाला."

ऑइल उतरवलं. तळहातावर घेऊन उन्हात धरलं:
काळ्यात बारीक पिवळी चमक,
नवरीच्या टिकल्या कुणी कुटून टाकाव्यात तशी.
सोजरनं बोट बुडवलं,
अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं.
"रवाळ हाय," ती म्हणाली.
रोज भट्टीवर म्हणते त्याच सुरात,
फक्त तिथं तो शब्द चांगला असतो.
मिस्त्री हसला. मला हसू आलं नाही.

खवा दुसऱ्याच्या टेंपोत गेला, भाडं आठशे.
क्रँक घासायला बार्शीला गेला.
शेल बदलले; जुन्यांतला एक मिस्त्रीनं माझ्या हातात दिला,
चांदी उडून तांबं उघडं पडलेला,
काकडीच्या सालीएवढा पातळ.
अर्धे पैसे दिवाळीनंतर, असं ठरलं.

चौथ्या दिवशी गाडी घेतली तर टेप बंद.
वायर तुटली म्हणे, काम करताना.
पोरानं तोडली की मिस्त्रीनं, विचारलं नाही.

पहाटे चार. एकवीस डबे, ओली फडकी.
डीपी मागं पडला. चढ लागला. तिसरा गेर.
सोजरनं चप्पल काढून तळवा खाली पत्र्यावर टेकवला.
मी पाय काढला.
दोघंही काही बोललो नाही.
पुन्हा रेस, पुन्हा पाय काढला.

"वरचं वाजतंय," मी म्हणालो. "टॅपेट."

तिनं चप्पल घातली.
"ऐकायलाव की मंग," ती म्हणाली.