दोन कुपे

पहाटे तीनला जनरल सॅन्टोसच्या धक्क्यावर
बर्फाचा चुरा बुटात शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो.
माझ्या कागदावर दोन रकाने:
पिवळ्या परांचा कुपा. मोठ्या डोळ्यांचा कुपा.
लिहायला सोपं म्हणून मी त्यांना
पिवळा आणि डोळस म्हणते.
धक्क्यावर दोघांना एकच हाक, बरिलेस.
हातभर लांबीच्या आतले सगळे
एका टोपलीत, एका भावात,
एकाच्या तोंडाशी दुसऱ्याची शेपटी.

पहिल्या आठवड्यात मी सगळेच पिवळे लिहिले.
कार्यालयातल्या बाई रागावल्या नाहीत,
फक्त तेओफिलोंकडे पाठवलं.

तेओफिलो मागबानुआ, चाळीस वर्षं बर्फाच्या हौदापाशी,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
डोळस मासा ओळखायला आंधळा मास्तर,
हा विनोद त्यांनी स्वतःच आधी केला,
मला हसायला जरा वेळ लागला.
"डोळा बघणारे सगळे फसतात," म्हणाले,
"मेलेल्याचा डोळा मोठाच दिसतो.
हात आण इकडे."

छातीचा पर धर. माग लावत मागे जा.
पाठीवरचा दुसरा पर ओलांडून गेला,
ओल्या फितीसारखा लुळा पडला, तर डोळस.
आखूड, ताठ, बोटाला उलट ढोसणारा, तो पिवळा.
शेपटीच्या बेचक्यात अंगठा घाल.
मधोमध खाच लागते?
लागली ना. पिवळा.
हा घे दुसरा. नाही लागत?
घाई नको. मासा कुठे जात नाही आता.

"आणि पट्टे?" मी विचारलं.
पुस्तकात पट्टे होते:
पिवळ्याला एक रेघ अखंड, एक ठिपक्यांची, पुन्हा अखंड,
डोळसाला नुसत्या विरळ उभ्या रेघा.
"पुस्तकातला मासा नुकता मेलाय," म्हणाले.
"हे तीन दिवस बर्फात आहेत.
तेवढ्या वेळात माणसाच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा जातात."

मग एक आला जाळ्यात चेंगरलेला.
छातीचे दोन्ही पर मोडलेले,
शेपटीची नुसती काडी उरलेली.
तेओफिलोंनी तो दोनदा उलटा केला, पोटाची गोलाई चाचपली,
जिभेने टाळ्यावर टक् केलं.
"कापायला हवा."
नेनिता टोपलीवर आडवी हात पसरून उभी राहिली.
फाडलेला मासा कोण घेणार? तुझं सरकार?
तेओफिलोंनी खिशातून चुरगळलेली नोट काढली,
किती पेसोंची ते मला विचारून दिली.

सुरी कल्ल्यामागून आत गेली.
काळीज माझ्या तळहातावर ठेवलं त्यांनी,
गार, जड, तीन पाकळ्यांचं.
पिवळ्याचं काळीज गुळगुळीत, उजवी पाकळी लांब.
डोळसाच्या काळजावर रेघा.
त्यांचं बोट त्यावरून एकदा फिरलं,
मग पुन्हा, सावकाश,
आणि मग ते बोट थांबलं.

"रेघा आहेत का ग?"

त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं.
रेघा हाताला लागत नाहीत.
मी काळीज दिव्याखाली धरलं.
कडेपासून आत शिरलेल्या, केसाएवढ्या बारीक,
जणू कुणी टाक टेकवून लगेच उचलला.
"आहेत."
"नक्की?"
"आहेत."
"मग लिही. माझ्याकडे काय बघतेस?"

नेनिताने नोट ठेवून घेतली आणि मासाही,
सकाळी नवऱ्यासाठी व्हिनेगरमध्ये मुरवायला.
काळीज मांजराने नेलं.
मी दुसऱ्या रकान्यात एक आकडा वाढवला,
त्याच्यापुढे लिहिलं: कापून पाहिला.

वरच्या दोनशे अकरांपुढे
काहीच लिहिलेलं नव्हतं.