रोज एक मिलिमीटर

चिंबोरीच्या बिळात हात घातला,
तिथं चिंबोरी नव्हती, फुटकी बाटली होती.
दिवाळ्याची खाडी पुष्कळ देते,
हेही तिनंच दिलं.

मनगटावर सहा टाके, धनुर्वाताची सुई.
"जखम भरली, जा आता," म्हणाले,
आणि भरलीही होती.
वरून.

पापलेटचा कल्ला उचलून
रात्रीचं की पहाटेचं सांगणारी ही बोटं;
गिऱ्हाईक विचारी, ताजं ना गं मावशी?
मी डोळ्यांनी बघून सांगे, नवशिकीसारखी.
एकदा तव्याला बोट चिकटलं,
वास आला तेव्हा कळलं.

तीन महिन्यांनी नेरुळला, डॉक्टर निस्तानेबाई.
डोळे मिटा, म्हणाल्या. चिमटीत काय आहे?
काहीच नाही, म्हटलं.
माझीच अंगठी होती,
मघाशी मीच काढून दिलेली.

मग आतल्या खोलीत मल्लेश, त्याचं ते यंत्र.
कोपराशी झटका देई, बघा हं, लाट येईल.
पडद्यावर सरळ रेघ.
पुन्हा झटका. रेघ.
तो मला समजावायला लागला,
खाडीकाठच्या बाईला,
लाट नाही म्हणजे काय ते.

मी नस म्हणायचे, बाई मज्जातंतू म्हणायच्या.
कापली टोकं आखडून मागं गेलीत,
मध्ये चार सेंटिमीटर मोकळं.
ओढून शिवायची नाही.
हे मला पटलं. जाळ्यातही
ओढून गाठ मारली की शेजारची घरं वाकडी होतात.
दुसरा धागा लागेल. कुठला?
"तुमच्याच पोटरीमागचा. तिथं त्याचं काम थोडकं."
थोडकं काम असणाऱ्यांनाच उचलतात,
हे मला घरातूनच ठाऊक होतं.

साडेचार तास. केसाहून बारीक टाके.
आणि मग नुसती वाट बघणं.
बाई मनगटापासून टिचक्या मारत पुढं यायच्या,
झिणझिणलं तिथं पेनानं ठिपका.
घरी नातू कंपासपेटीतली पट्टी लावायचा:
आजी, या महिन्यात अडीच सेंटिमीटर.
आजी, या महिन्यात काहीच नाही.
तळहातावर निळे ठिपके घेऊन
मी बोंबील विकले.

आता तर्जनीला शिवलं की मधलं बोट ओ देतं.
पत्ते चुकलेत, बाई म्हणतात, मेंदू शिकेल हळूहळू.
अठ्ठावन्नाव्या वर्षी? शिकेल म्हणे.
काल सुनेनं डोळ्यांवर ओढणी बांधली,
चिमटीत काहीतरी दिलं.
जवळा, म्हटलं मी.
तांदूळ होते.
दोघी हसलो, मग मी थोडी रडले,
कारण काहीतरी होतं.

पावलाची बाहेरची कड मात्र गेली ती गेलीच.
चप्पल पायातून कधी सुटते, पत्ता लागत नाही.
परवा जेट्टीच्या चिखलात राहिली,
मी चार पावलं पुढं.
कुणीतरी हाक मारली, तेव्हा मागं वळले,
वाकले,
आणि उजव्याच हातानं उचलली.