निव्वळ वजन

भरलेल्या ट्रकचं वजन वजा रिकाम्या ट्रकचं वजन
म्हणजे मीठ.
एवढं गणित मला एकोणीस वर्षं पुरलं,
वॉल्विस बेच्या मिठागरात, वजनकाट्याच्या केबिनमध्ये,
रात्रपाळीला.

मग शेहेचाळिसाव्या वर्षी मी फॉर्म भरला.
विद्यापीठ दोन दिवसांच्या रस्त्यावर आहे म्हणतात;
मी ते पाहिलेलं नाही.
माझं विद्यापीठ म्हणजे हिशेबाच्या वह्यांमागचा जुना लॅपटॉप,
दोन ट्रकांच्या मधली अकरा मिनिटं,
आणि ‘विषय’ या रकान्यात मी लिहिलेला एकच शब्द :
धुकं.

बहीण म्हणाली, तुयाकुला, पगार वाढेल का?
नाही.
मग नवरा तरी मिळेल?
ती हसली, मीही हसले.
जूनचा हप्ता मात्र तिनंच भरला.

इथे घंटा नाही, फळा नाही,
शेजाऱ्याचं पाहून लिहायला शेजारचा बाक नाही.
न कळलेलं पान दुसऱ्या दिवशीही न कळलेलंच असतं,
आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही
माझ्याशिवाय.
सांख्यिकीचं चौथं प्रकरण मी सात वेळा वाचलं.
सातव्यांदा ते जरासं हललं,
गंजलेल्या बिजागरीसारखं, कुरकुरत.

छपरावर मी कांद्याच्या गोणीची जाळी ताणली,
खाली बाटली. पहाटे मोजायचं.
बावीस मिलिलिटर. चाळीस. शून्य.
शून्यही लिहायचं असतं, हे मला पुस्तकानं नाही,
काट्यानं शिकवलं.

पहिलं प्रकरण पाठवलं.
डॉक्टर ऑडेन्डालना मी ओळखते
ते फक्त समासातल्या लाल अक्षरांवरून.
‘धुकं रात्री तीनच्या सुमारास येतं’, याच्याखाली त्यांनी लिहिलं :
स्रोत?
मी लिहिलं : मी.
त्यांनी लिहिलं : एका माणसाचे डोळे पुरत नाहीत.

दोन दिवस मी जाळीकडे फिरकले नाही.
तिसऱ्या रात्री हायदुवाच्या हातात पावती देताना म्हटलं,
पंपाच्या वळणावर जरा थांब,
तिथून कितव्या खांबापर्यंत दिसतं
ते हिच्या पाठीवर लिहून आण.
त्यानं मला वेडी ठरवलं, आणि लिहून आणलं :
सहावा.
मग फेस्टस. मग तो कावांगोकडचा अबोल पोरगा, सिकोंगो.
खांब चौथा. खांब दुसरा.
खांब दिसला, नंबर दिसला नाही.
एकानं नुसता फ्लेमिंगो काढून दिला, एका पायावरचा.
वर्षभरात दोनशे चौदा पावत्या :
पोटाशी मीठ, पाठीवर धुकं.
काट्यावर चढताना हायदुवा काच खाली करून विचारायचा,
‘काय मग, कुठवर आलं धुकं?’
मी प्रकरणाचा आकडा सांगायची.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला.
शेवटच्या रात्रीची त्याची पावती :
तीन वाजून दहा. खांब नाही. रस्ता नाही. बॉनेटही नाही.
इंजिन बंद केलं. समुद्र ऐकत बसलो.
बरं वाटलं.

आता हे कुठल्या रकान्यात घालू?
‘बरं वाटलं’ला एकक नाही.
तक्त्यात शून्य खांब लिहिलं,
आणि पावती जशीच्या तशी परिशिष्टात लावली,
ऑडेन्डाल खोडणार म्हणून
भांडण आधीच तयार ठेवून.

मसुदा परत आला. लालच लाल,
स्वल्पविरामांवरसुद्धा.
परिशिष्ट तीन, पान एकशे नऊ :
‘राहू द्या.’
आणि त्याखाली, कशाशीच संबंध नसलेलं,
‘मी किनाऱ्यावर कधी राहिलो नाही.
त्याला वास असतो का?’

ट्रक आला. वजन घेतलं. ट्रक गेला.
ओल्या दोरीचा, असं मी लिहिलं.
खोडलं.
थांबा, लिहिलं,
तीन वाजता बाहेर जाऊन सांगते.